सूट आणि सोय

‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण मराठी शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जात आहे. कष्ट एकाचे आणि लाभ भलत्याचाच, किंवा कारभारातला सावळागोंधळ, असा तिचा रूढ अर्थ. आम्हीही तो तसाच शिकवीत आलो. म्हण ऐकणाऱ्याचे लक्ष प्रथम कुत्र्याकडे जाते, मग दळणारीच्या अंधत्वाकडे. दळणाकडे सहसा कोणाचे जात नाही. वास्तविक दळणाविषयी म्हणीची काहीच तक्रार नाही. पीठ चांगले उतरले असणार, एरवी कुत्रे तिकडे फिरकले नसते. आणि ते चांगले का उतरू नये? जात्यावर बसायला डोळे लागत नाहीत. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने जात्याच्या मुखात दाणे सोडायचे, पीठ बारीक की भरड ते चिमटीला कळते. डोळस बायकाही पहाटेच्या अंधारातच दळत असत. तेव्हा म्हणीतल्या त्या अंध बाईत (म्हणीने तिला बाईही म्हटलेले नाही, नपुंसकलिंगावर भागवले आहे, असो) दळण्याची उणीव मुळीच नाही. दार लोटून घ्यायला कोणी नेमलेले नाही, एवढीच उणीव आहे. दळण तिच्याकडे आहे. राखण कोणाकडेच नाही.

हा अर्थ आम्हांस सुचला तो महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात बसून. एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. नोकरीस लागलो तेव्हा दिसत होते. डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग नजरेचा परीघ आकसत जातो. तसे होत होत चाळिशीच्या आत आमचे डोळ्यांनी वाचणे संपले. ती कहाणी सांगण्याचा येथे हेतू नाही. एकच नोकरी आम्ही दोन्ही परींनी केली असल्यामुळे तुलना करता येते, तेवढ्यापुरता हा उल्लेख. विभाग तोच, खुर्ची तीच, अभ्यासक्रमही बव्हंशी तोच. फरक पडला तो असा की, पूर्वी आम्हांला काम मिळत असे. नंतर सूट मिळू लागली.

‘सूट’ हा शब्द कार्यालयात मोठ्या मायेने उच्चारला जातो. “सर, तुम्ही कशाला त्रास घेता? पेपर तपासायला आम्ही आहोत ना.” “सर, तुम्ही बैठकीला नाही आलात तरी चालेल, सही नंतर घेऊन जाईन.” पहिल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामातून आमचे नाव वगळले गेले, दुसऱ्या वर्षी प्रश्नपत्रिका काढण्याच्या, तिसऱ्या वर्षी अभ्यासक्रमाच्या उपसमितीतून. यातले एकही वगळणे दुष्टाव्याने झालेले नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. शिपाई मामांपासून प्राचार्यांपर्यंत सर्वांनी आमची काळजीच घेतली. पुढे विभागप्रमुखपदाची ज्येष्ठतेने आलेली पाळी “सरांना कशाला ताप” या एका वाक्यात आमच्यापासून दुसरीकडे गेली. तेव्हाही बोलणाऱ्याच्या आवाजात आपुलकीच होती. आवाज ओळखण्यात आम्ही आता बऱ्यापैकी तरबेज आहोत.

या मायेचा हिशेब मात्र निराळ्या वहीत लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शिक्षकाच्या कामाचे गुणांत रूपांतर केले. त्यात परीक्षेच्या कामालाही गुण होते. २०१८ मध्ये ती पद्धत बदलली, पण परीक्षा आणि मूल्यमापनाचे काम पदोन्नतीच्या अर्जात मोजले जाते ते जातेच. म्हणजे ज्या कामातून आम्हांला प्रेमाने सोडवले, त्याच कामाचा रकाना अर्जात रिकामा राहतो, आणि छाननी समितीपुढे तो रिकामा रकाना प्रेमाची गोष्ट सांगत नाही. तो सांगतो की, या गृहस्थांनी काम केलेले नाही. सूट देणारा विसरून जातो, कागद विसरत नाही. पदोन्नतीचे एक प्रकरण असेच दोन वर्षे लांबले. ते पुढे मार्गी लागले. त्याचा तपशील कंटाळवाणा आहे.

सूट कुठेच नको, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून आमचा उपयोग नाही. कॉपी करणारा विद्यार्थी आणि आम्ही, दोघेही एकमेकांस न दिसण्याची सोय तेथे फक्त त्याच्या फायद्याची आहे. पण मग त्या बदल्यात दुसरे काम अंगावर घेऊ देणे, ही व्यवस्था झाली. व्यवस्था आणि माफी यांतला भेद मराठीत फार सोपा आहे. एकीला सोय म्हणतात, दुसरीला सूट. सोय काम करण्यासाठी असते, सूट काम न करण्यासाठी. आमच्या कार्यालयांच्या बोलीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी इतके सर्रास बसतात, की सोय मागायला गेलेल्या माणसाच्या हाती सूट ठेवून त्याला कृतज्ञ व्हायला सांगितले जाते.

कायद्यात हा घोळ नाही. १९९५ च्या कायद्यातच, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येणार नाही, त्याची श्रेणी खाली आणता येणार नाही, असे कलम होते. त्यामुळेच आमची नोकरी टिकली. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्के केले. परंतु नोकरीत असलेल्याच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची तरतूद आरक्षणाची नाही; सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या आस्थापनेने कर्मचाऱ्यास ‘वाजवी समायोजन’ पुरवले पाहिजे, ही आहे. शब्द बोजड आहे. कामाच्या पद्धतीत, साधनांत, जागेत त्या माणसाला ते काम इतरांच्या बरोबरीने करता यावे म्हणून करायचे योग्य तेवढे फेरफार, असा त्याचा भाव. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात याची सविस्तर फोड केली. तेथे प्रश्न लेखनिक मिळण्याचा होता; पण असे समायोजन म्हणजे मेहेरबानी नसून समानतेचाच भाग आहे, हे त्या निकालाचे सूत्र मस्टरवर सही करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडते. आमच्या कार्यालयात त्याला ‘अपंगांची सवलत’ म्हणतात. २०१६ मध्ये केंद्राच्या कारभारात ‘दिव्यांग’ हा शब्द आला आणि २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण नावाचा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हापासून ‘दिव्यांगांची सवलत’ म्हणतात. विशेषण बदलले, नाम तेच राहिले.

साहित्याच्या अभ्यासकांना या बाबतीत एक फार जुना दाखला ठाऊक असायला हवा होता, पण त्यातला नेमका महत्त्वाचा भाग विस्मरणात गेला आहे. मिल्टन अंध होता, हे बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. आंधळा कवी महाकाव्य सांगतो आहे आणि मुली लिहून घेत आहेत, हे चित्र देलाक्रवाने रंगवले, पुढे १८७८ मध्ये मुन्काचीने रंगवले. पुतण्या म्हणावा की भाचा (इंग्रजीत एकच शब्द, बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचाच) अशा एडवर्ड फिलिप्सने लिहून ठेवले आहे की, मिल्टनच्या मुली त्याला कित्येक परभाषांतले ग्रंथ अर्थ न कळता वाचून दाखवीत. ही कथा करुण आहे, म्हणून टिकली. जी करुण नाही ती अशी: १६४९ मध्ये मिल्टन इंग्लंडच्या राज्यमंडळाचा परभाषा-सचिव झाला. इतर राज्यांशी होणारा लॅटिन पत्रव्यवहार हे त्याचे काम. १६५२ पर्यंत त्याची दृष्टी पूर्णपणे गेली. नोकरी गेली नाही. सहायक देण्यात आले, काम वाटून घेण्यात आले, आणि १६५७ मध्ये अँड्र्यू मार्व्हेल याची त्याच्या कचेरीत सहायक म्हणून नेमणूक झाली; तो मार्व्हेल स्वतः केवढा कवी, ते सांगणे नको. सगळे गोड झाले असे नाही, १६५५ मध्ये मिल्टनचा पगार कमी करण्यात आला होता. तरी सुद्धा एका सरकारी कचेरीने साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी अंध कर्मचाऱ्याला सचिवपदावर ठेवले आणि त्याच्या हाताखाली पगारी माणूस दिला, ही गोष्ट तशीच राहते. ‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७ मध्ये आले. मुलींचे चित्र दिवाणखान्यात लागले. मार्व्हेलच्या नेमणुकीचे चित्र कोणी काढले नाही. त्यागाला चित्रकार मिळतो, नेमणुकीला कारकून.

आमचा मार्व्हेल ‘कमवा व शिका’ योजनेतून आला. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, सकाळी दोन तास. त्याआधी आम्हांला वाचून दाखवण्याचे काम सहकारी करीत, घरचे करीत, कधी एखादी हुशार विद्यार्थिनी करी, सगळे स्वखुशीने. स्वखुशीच्या वाचनात एक अडचण असते, ती अनुभवाखेरीज कळत नाही. वाचणाऱ्याचा वेळ आपण खातो आहोत, ही जाणीव प्रत्येक पानावर बसून असते. ‘मागचे पान पुन्हा वाचा’ असे तिसऱ्यांदा म्हणवत नाही. आणि साहित्याचा अभ्यास म्हणजे तर मागचे पान पुन्हा वाचणेच. दुसरे असे की, जाणकार वाचणारा सारांश करतो. “या पुढच्या परिच्छेदात विशेष काही नाही, सर,” असे एका सुविद्य सहकाऱ्याने महानुभाव गद्य वाचताना म्हटले होते. काय विशेष आहे ते ठरवण्यासाठीच तर आम्हांला पगार मिळतो! वाणिज्याच्या मुलास लीळाचरित्रातले काहीच कळत नसे. म्हणून तो काहीच गाळत नसे. ‘आन’ म्हटले तर ‘आन’, ‘मग’ म्हटले तर ‘मग’. अडेल तेथे अक्षर न्‌ अक्षर सुटे करून सांगे. मिल्टनच्या मुलींविषयी हळहळणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू की, अर्थ न कळता वाचणाऱ्याचीही एक शुचिता असते. फक्त त्या वाचनाचा मोबदला मिळाला पाहिजे. मोबदला मिळू लागताच आम्ही निःसंकोचपणे ‘पुन्हा वाच’ म्हणू लागलो. त्या वर्षी तीन वर्षे रखडलेला निबंध पुरा झाला.

माणसाच्या जोडीला यंत्र आले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर लिहायला घेतले. ते विनामूल्य आहे आणि मराठी वाचते. त्याच्या मराठीत दंत्य आणि तालव्य ‘च’ मधला भेद नाही, स्वर सपाट आहे. कविता त्याच्या तोंडून ऐकवत नाही. पण ते कंटाळत नाही आणि उपकार करीत नाही. त्याची खरी अडचण आवाजाची नाही. आपल्या मराठी मजकुराची आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. तरी दीर्घकाळ आपले लेखन, छपाई, अभ्यासक्रम, सूचना जुन्या टंकांतच होत राहिल्या आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही होतात. या टंकांत पडद्यावर दिसते देवनागरी, आत असतात रोमन अक्षरे. कृतिदेवात टंकलेला ‘भारत’ हा शब्द आमचे यंत्र ‘एच, के, के, जे, आर’ असा वाचते. डोळ्यांना जे मराठी आहे ते कानांना मराठी नाही, अशी ही विलक्षण लिपी. जेव्हा दुसरा मार्ग नव्हता तेव्हा या टंकांनी मराठीची मोठी सेवा केली, हे मान्य. पण आता मार्ग आहे, आणि त्याला पैसाही पडत नाही.

दुसरा प्रकार चित्राचा. कागद छापायचा, सही-शिक्का करायचा, मग त्याचा फोटो काढून गटावर टाकायचा. दिव्यांग कर्मचाऱ्यांनी कोणते अर्ज कोठे भरावेत याविषयीचे एक परिपत्रक आमच्याकडे याच रूपाने आले. आमच्या यंत्राने त्याचे वाचन ‘चित्र’ या एका शब्दात संपवले. अलीकडे भ्रमणध्वनीवरची साधने चित्रातला मजकूरही वाचतात, पुष्कळदा बरा वाचतात. पण ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात ती अजून गोंधळतात. धनाचे घन झाले तर कवितेत एक वेळ खपून जाते. भरणाचे मरण झाले तर परिपत्रकात खपत नाही. आणि मूळ मजकूर युनिकोडात लिहिलेला असताना त्याचा आधी फोटो करायचा, मग तो फोटो यंत्राकडून पुन्हा मजकुरात आणायचा, हा द्राविडी प्राणायाम कोणाच्या सोयीसाठी?

कामाच्या जागी लिपी नाकारली जाणे नवीन नाही. लुई ब्रेल पॅरिसच्या ज्या अंधशाळेत शिकला तेथेच शिक्षक झाला. आपल्या ठिपक्यांच्या लिपीचे पुस्तक त्याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केले. विद्यार्थी ती आवडीने वापरीत. संस्थेला मात्र डोळसांना वाचता येतील अशी उठावाची रोमन अक्षरेच बरी वाटत. १८५२ मध्ये ब्रेल वारला. संस्थेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये.

आता आमच्या समीक्षेविषयी थोडे. अपंग व्यक्तीचे आत्मकथन हाती आले की मराठी समीक्षक एक शब्द आधी काढून ठेवतो: ‘जिद्द’. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’वर बोलताना तो हटकून येतो. त्यांची जिद्द असामान्य आहे, यात वाद नाही. पण त्या कोल्हापुरात केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी करीत होत्या, ही गोष्ट त्याच चर्चेत एका उपवाक्यात उरकते. चाकाच्या खुर्चीवरची स्त्री सरकारी कचेरीत रोज काम करते, तेव्हा दरवाजा किती रुंद होता, पायरी कोठे होती, साहेबाने काय केले आणि सहकाऱ्यांनी काय केले, हे प्रश्न वाङ्मयीन नाहीत असे आपण कोणी ठरवले? ग्रामीण आणि दलित साहित्याने आपल्याला विहीर, पाणवठा, गावकूस वाचायला शिकवले. त्या वाचनापुढे नुसते ‘सोसले’ म्हणून कोणाला थांबता येत नाही. अपंगांच्या लेखनात मात्र आपण अजून माणसाची जिद्द वाचतो आणि जिना वाचत नाही. जिद्दीचे कौतुक झाले की जिना सुटतो. वर्गात हे पुस्तक घेतले तेव्हा आम्ही मुलांना एकच काम दिले, लेखिकेच्या वाटेत आलेल्या प्रत्येक अडचणीपुढे ती कोणी बांधली ते लिहून आणा. तास रंगला. एका मुलीने आपल्याच महाविद्यालयाचा जिना यादीत घातला.

तो जिना खरोखरच यादीत घालण्यासारखा आहे. आमच्या कार्यालयात पोलिओने पाय अधू झालेले एक लिपिक आहेत. कॅलिपर लावून चालतात. मस्टर दुसऱ्या मजल्यावर प्राचार्यांच्या दालनाबाहेर असे. सकाळी चढून सही, उतरून काम, संध्याकाळी पुन्हा तेच. त्यांना बारा मिनिटे उशिरा येण्याची सूट होती! मस्टर खाली आणावे, हे कोणाला सुचले नव्हते. अखेर त्यांनी लेखी अर्ज दिला, तेव्हा एका दिवसात मस्टर तळमजल्यावर आले, आणि मग असे दिसून आले की, निवृत्तीला आलेल्या निम्म्या शिक्षकांचे गुडघे याच क्षणाची वाट पाहत होते. इमारतींचे मोठे काम अजून बाकी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे निकष नुसते शिफारसवजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे हवेत. आमच्याकडे उताराचा रस्ता बांधला आहे. तो दोन पायऱ्यांनंतर सुरू होतो.

उत्तरपत्रिकांचे काय झाले, ते सांगायचे राहिले. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर मूल्यमापन केंद्रात आमच्यासाठी वेगळी खोली मिळाली. वाचून दाखवणारा आमच्या विषयाचा नको, आमच्या महाविद्यालयाचा नको आणि त्याने गोपनीयतेचे हमीपत्र द्यावे, अशा तीन अटी ठरल्या. तिन्ही योग्य आहेत. तो वाचतो, आम्ही गुण सांगतो, तो लिहितो आणि लिहिलेला आकडा मोठ्याने परत म्हणतो. बेरीज दुसरा माणूस तपासतो. “पण चूक झाली तर?” असा प्रश्न बैठकीत आला होता. त्यावर केंद्रप्रमुख मॅडमनीच उत्तर दिले: डोळसांनी तपासलेल्या पेपरांतून काही पेपर मॉडरेटरकडे जातातच, तसे यांचेही जातील. म्हणजे राखणीची व्यवस्था आधीपासूनच होती. ती सगळ्यांच्या दळणावर होती. म्हणून कोणी तिला सवलत म्हणत नव्हते.

पहिल्या दिवशी चौतीस उत्तरपत्रिका झाल्या. वेग कमी आहे. मुलांचे हस्ताक्षर वाचणाऱ्यालाही अडवते. पण ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली की, गाइडमधून पाठ केलेले उत्तर कानाला ताबडतोब कळते, कारण तेच वाक्य त्याच चालीत दहाव्यांदा येते; आणि मधूनच एखादे अडखळणारे, चुकत माकत स्वतः विचार करणारे उत्तर आले की वाचणाराही नकळत हळू वाचू लागतो.

या वर्षीची ज्येष्ठता यादी परवा युनिकोडात आली. यंत्राने ती पहिल्या फटक्यात वाचली. विभागात आमचे नाव पहिले आहे आणि विभागप्रमुखपद जूनमध्ये रिकामे होते. पद स्वीकारण्यास तयार असल्याचे पत्र आम्ही कालच दिले आहे. त्यासोबत लागणाऱ्या तीन सोयींची यादी जोडली आहे, आणि पोच घेतली आहे.